यंदाचा रोशा

नाल्याच्या वळणावर हिराजी बेठेकरची भट्टी.
दिवाळी उलटली की डोंगरावरचं रोशा गवत तांबूस पडतं.
तो पेंढ्या बांधतो, देगेत पायानं दाबून भरतो,
वर पाणी, खाली साजाची लाकडं,
आणि बसून राहतो
नळी थंड पाण्यातून जाते तिकडे बघत.

मी उपकेंद्राची नर्स. दर्यापूरकडची.
कपाशीच्या सपाट मुलखातून या चढउतारात आले
ती गुडघ्यांना न विचारता.
पौषात इथे बादलीतल्या पाण्यावर साय धरते.
स्टेथोस्कोप आधी मुठीत धरून बसावं लागतं,
नाहीतर लेकरं दचकतात.

म्हणून थंडी लागली की एक बाटली.
खोकल्याच्या औषधाची, धुतलेली,
बुचाखाली प्लास्टिकची पट्टी.
तो बूच काढतो, माझ्या मनगटावर थेंब टेकवतो,
"सांगा जी सिस्टर, कसा आला यंदा?"

त्याला वास येत नाही.
तीन वर्षांमागे ताप आला, ताप गेला,
जाताना तेवढं घेऊन गेला.
आता तेल तो डोळ्यांनी ओळखतो,
पाण्यावरच्या पिवळ्या थरावरून,
देगेच्या बदललेल्या आवाजावरून,
आणि सुमरतीच्या, बायकोच्या, नाकावरून.
ती हल्ली कंटाळून म्हणते, आहे तसाच आहे.

"छान आलाय," मी म्हटलं.
"छान म्हंजे काय? छान तं चहाबी असते."

मग टेकले दगडावर.
गुलाबासारखा, म्हटलं, पण गुलाब नाही.
लिंबाची साल. ओलं आलं.
त्यानं मान हलवली.
"हे तं व्यापाऱ्यानंबी सांगतलं. भाव पाडाले."

त्या आठवड्यात फुलवंती कासदेकर रात्रभर अडली होती.
पहाटे सुटली. मुलगी, अडीच किलो, खणखणीत.
गावची जुनी दाई अंगणात शेकोटीशी बसली
आणि तिची बोटं वळलेलीच राहिली,
कशाला तरी धरून असल्यासारखी.
मी जवसाच्या तेलात रोशाचे चार थेंब टाकले,
एकेक बोट उघडत गेले.
बाळाला नाही लावलं काही.
बाळाला आईचा वास पुरे.

धूर, शेण, उकळलेलं पाणी, रात्रभराचा घाम,
आणि त्यातून तो वर आला,
हळू,
जशी आपली पाळी येईपर्यंत थांबलेली बाई रांगेत पुढे सरकते.
दाई म्हणाली, "झोप येऊन राह्यली व माय,"
आणि बसल्या जागी झोपली.
माझ्या गुडघ्यांचं मी विसरलेच होते.
घरी जाऊन मीही झोपले, उन्हं डोक्यावर येईस्तोवर.
किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

उठल्यावर लसीकरणाच्या रजिस्टरच्या मागल्या पानावर लिहून काढलं.
खाडाखोड करत.

मंगळवारी बाजारातून परतताना भट्टीवर थांबले.
हिराजीनं मिशीला बोट लावलेलं, तेलाचं.
"तुम्हाला तर येत नाही ना?"
"समोरच्याले येते जी."

वाचलं त्याला.
एक, विळ्याला जे आधी कळतं ते नाकाला उशिरा कळावं, तसा.
दोन, पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेल्या लुगड्याची घडी उकलावी, तसा.
तीन, दिवसभर उन्हात पडलेली गोधडी,
संध्याकाळी तिच्यात तोंड खुपसावं,
आणि आत आपल्याआधी कुणीतरी हसून गेलेलं असावं.

तो डोळे मिटून होता.
बराच वेळ देगच बोलत राहिली.
मग म्हणाला, "तिसरं. पुन्हा वाचा."

मी पान उजेडाकडे धरलं.
सुमरतीनं जाळातलं मोठं लाकूड मागे ओढलं,
आवाज कमी व्हावा म्हणून.